शेजार, घरकुल आणि हद्दपारीची मागणी

'समाजकंटक' हा शब्द कानी पडला की डाव्या विचारांचा कार्यकर्ता सावध होतो, आणि ते साहजिक आहे. संप मोडायचा असो की मोर्चा अडवायचा असो, 'काही समाजकंटकांनी' हे पालुपद पोलिसांच्या निवेदनात ठरलेले असते. ज्यांना सत्तेने हे विशेषण लावले त्यांपैकी कितीतरी माणसे आपण व्यासपीठावर सन्मानाने बसविली आहेत. पण राळेगाव तालुक्यातल्या एखाद्या घरकुलांच्या ओळीत जिच्या घराच्या भिंतीपलीकडे रात्री बारापर्यंत दारू विकली जाते, जिच्या वयात आलेल्या मुलीला गिऱ्हाइकांच्या घोळक्यातून वाट काढीत पाण्याला जावे लागते, त्या बाईच्या तोंडी हाच शब्द आला तर त्याचा अर्थ अगदी निश्चित असतो. ती कोणत्याही सत्तेची वकिली करीत नसते. ती झोप मागत असते.

गेल्या काही महिन्यांत तालुक्यातील कार्यकर्त्यांशी बोलताना एक मागणी माझ्या कानावर वारंवार आली. ज्या लाभार्थ्याच्या घरातून दारूविक्री चालते, जो शेजाऱ्यापाजाऱ्यांना शिवीगाळ व मारहाण करतो, त्याचे घरकुल शासनाने काढून घ्यावे, आणि तसा ठराव ग्रामसभेत वा नगरपंचायतीत आपल्याच लोकांनी मांडावा, अशी ही मागणी आहे. ती करणारे कोणी सावकार वा बागायतदार नव्हते. तेही घरकुलांतच राहणारे, कापूस वेचणीवर आणि मजुरीवर पोट भरणारे लोक होते. म्हणून तिला उडवाउडवीचे उत्तर देऊन चालणार नाही. या मागणीला माझा विरोध आहे. तो का, हे सांगण्यापूर्वी तक्रार काय आहे ती पुरती ऐकून घेतली पाहिजे, कारण आपल्या वर्तुळात ती ऐकून घेण्याची पद्धतच राहिलेली नाही. 'मूळ प्रश्न दारिद्र्याचा आहे' असे म्हणून आपण मोकळे होतो. दारिद्र्य दोन्ही घरांत आहे. दारू एकाच घरातून विकली जाते. हा फरक त्या वस्तीतील अक्षरशत्रू बाईला कळतो, तो आपल्याला कळू नये हे आश्चर्य आहे.

अर्थात वस्तीतील प्रत्येक भांडण गुंडगिरीचे नसते. २०१६ साली प्रधानमंत्री आवास योजनेच्या ग्रामीण भागासाठी घराचे किमान क्षेत्रफळ २५ चौरस मीटर ठरले, म्हणजे २६९ चौरस फूट. मैदानी प्रदेशात त्यासाठी केंद्राने ठरविलेले अनुदान १ लाख २० हजार रुपये. त्याआधीच्या इंदिरा आवास योजनेचे घर याहूनही लहान होते. एवढ्या जागेत सहा माणसे, दोन बकऱ्या, पऱ्हाटीच्या काड्यांचा भारा आणि वेचून आणलेला कापूस. घर मिळाले, पण नाली मिळाली नाही. तेव्हा एकाचे सांडपाणी दुसऱ्याच्या दारात जाते. नळ एक, हंडे साठ. खांब आहे, दिवा नाही. अशा ठिकाणी रोज जी तोंडातोंडी होते तिला 'समाजविघातक वर्तन' म्हणणे हा त्या लोकांवर अन्याय आहे. ती भांडणे कनिष्ठ अभियंत्याने कागदावर न ओढलेल्या रेषेतून जन्मतात आणि फावड्याने मिटतात. नाली खणा, दुसरा नळ द्या, निम्मी भांडणे दुसऱ्या दिवशी संपतील. प्रश्न उरतो तो उरलेल्या निम्म्यांचा, जी नालीने मिटत नाहीत.

येथे मला माझ्या विषयाकडे वळणे भाग आहे; वाचकांनी दोन परिच्छेद सोसावेत. रोनाल्ड कोस या अर्थशास्त्रज्ञाने १९६० साली शेजाऱ्याच्या उपद्रवावर एक निबंध लिहिला आणि तो जगभरच्या अभ्यासक्रमांत गेला. त्यातले एक उदाहरण १८७९ सालच्या इंग्लंडमधील खटल्याचे आहे. मिठाईवाल्याच्या खलबत्त्याचा आवाज शेजारच्या डॉक्टराला सहन होईना. कोस म्हणतो, हक्क कोणाचा ते न्यायालयाने एकदा ठरवून दिले आणि वाटाघाटीला खर्च पडत नसेल, तर दोघे आपसात सौदा करतील आणि त्यातून कार्यक्षम तोडगा निघेल. मी हे वर्षानुवर्षे फळ्यावर मांडून शिकविले. पण तो मिठाईवाला आणि तो डॉक्टर हे दोघेही न्यायालयाची पायरी चढू शकणारे, एकमेकांना न भिणारे गृहस्थ होते. घरकुलाच्या ओळीतील विधवा आणि तिच्या शेजारचा दारूविक्या यांच्यात सौदा होत नाही. तेथे वाटाघाटीचा खर्च रुपयांत मोजला जात नाही. रात्री दारावर पडणाऱ्या दगडांत मोजला जातो.

अल्बर्ट हर्शमन याने १९७० साली मांडलेला विचार आपल्याला अधिक उपयोगाचा आहे. एखादी व्यवस्था बिघडली की माणसापुढे दोन वाटा असतात: निघून जाणे, किंवा आवाज उठविणे. सुखवस्तू माणूस पहिली वाट धरतो. शेजार वाईट निघाला तर तो सदनिका विकतो आणि दुसरीकडे जातो. त्याच्या शांततेची किंमत बाजार ठरवितो आणि तो ती मोजतो. घरकुलाच्या मालकाला ही वाट बंद आहे. शासकीय अटींनी विक्रीला अटकाव, आणि अटी नसत्या तरी दारूच्या गुत्त्याशेजारचे घर घेणार कोण? आयुष्यात एकदाच मिळणारे घर सोडून तो जाईल कोठे? तेव्हा त्याच्यापाशी फक्त आवाज उरतो. तो आवाज दडपणारा शेजारी त्याचे घरच लुटत असतो, मग कागदावर ते घर कोणाच्याही नावे असो. झोपेचा आणि निर्भयपणे अंगणात बसण्याचा हक्क हा निवाऱ्याच्या हक्काचाच भाग आहे. तो भाग आपण आजवर मागण्यांच्या यादीत लिहिला नाही.

राळेगावच्या बाबतीत या उपद्रवाला भूगोलही आहे. तालुक्याच्या सीमेवरून वर्धा नदी वाहते आणि पलीकडे वर्धा जिल्हा लागतो. महात्माजींचा जिल्हा म्हणून तेथे १९७० च्या दशकापासून दारूबंदी आहे. यवतमाळ जिल्ह्यात नाही. नदीच्या एका काठावर जी वस्तू परवान्याने मिळते ती दुसऱ्या काठावर गुन्हा ठरते. किमतीतील ही तफावत जेथे असते तेथे वाहतूकदार उभा राहतो. अर्थशास्त्राचा पहिल्या वर्षाचा विद्यार्थीसुद्धा हे सांगेल. चंद्रपुरात २०१५ साली बंदी आली आणि २०२१ साली उठली, तेथेही मधल्या काळात हाच अनुभव होता. घरकुलातला विक्रेता हा या साखळीचा शेवटचा, सर्वांत स्वस्त आणि सर्वांत सहज पकडला जाणारा दुवा आहे. कापसाचे चुकारे झाले की त्याच्या दारात गर्दी वाढते. माल मात्र त्याच्या घरी पिकत नाही. तो कोणाच्या गाडीतून येतो हे वस्तीला ठाऊक असते, आणि गाडीवाल्याचे घर घरकुलांच्या ओळीत नसते.

आता घर काढून घेण्याच्या मागणीकडे येऊ. पहिली अडचण साधी आहे: घरात तो एकटा राहत नाही. त्याची बायको, जी बहुधा त्याच्या उपद्रवाची पहिली बळी असते, त्याची मुले आणि आई हे सारे त्याच्याबरोबर रस्त्यावर येतील. योजनेत घर पत्नीच्या किंवा दोघांच्या नावे मंजूर करण्याची तरतूद आहे. तिच्या नावचे घर त्याच्या अपराधासाठी काढून घ्यायचे, हा कोणता न्याय? पुन्हा, घर गेलेले कुटुंब हवेत विरघळत नाही. ते गावाबाहेर पाल ठोकते आणि तोच धंदा तेथे अधिक नेटाने करते, कारण आता गमावण्यासारखे काही उरलेले नसते.

दुसरी अडचण अधिक गंभीर आहे. 'उपद्रवी' कोण, हे ठरविणार कोण? आपल्या जिल्ह्यात पारध्यांचे बेडे आहेत. इंग्रजांनी १८७१ साली गुन्हेगार जमातींचा कायदा केला. त्याने अनेक जमातींतली माणसे जन्मतःच गुन्हेगार ठरविली. पारध्यांनाही तो शिक्का बसला. १९५२ साली तो कायदा रद्द झाला, पण गावाच्या मनातून तो अद्याप रद्द झालेला नाही. चोरी कोठेही होवो, पहिला पोलीस बेड्यावर येतो. ई-क्लास जमिनीवर टाकलेल्या झोपड्या हटवायच्या असल्या की 'ते लोक दारू गाळतात' हे कारण आयते तयार असते. आपण ग्रामसभेला 'उपद्रवी कुटुंबाचे घर काढून घेण्याचा' अधिकार मिळवून दिला, तर त्या अधिकाराचा पहिला प्रयोग वाड्यातल्या दारूबाज पोरावर होणार नाही. तो बेड्यावर होईल, पोडावर होईल, किंवा मागच्या निवडणुकीत सरपंचाच्या विरोधात फिरलेल्या घरावर होईल. घरकुलाचा हप्ता अडवून माणूस वाकविता येतो हे ज्यांनी पाहिले आहे, त्यांना याचा पुरावा देण्याची गरज नाही.

कायद्याच्या भाषेतही हा कल दिसतो. १९८१ साली महाराष्ट्राने समाजविघातक कृत्यांना आळा घालण्यासाठी प्रतिबंधक स्थानबद्धतेचा जो कायदा केला, त्याच्या नावातच 'झोपडपट्टी दादा, हातभट्टीवाले' आले. दादा झोपडपट्टीत असतात हे खरे. पण बंगल्यातल्या दादासाठी असा नामनिर्देश करावा असे विधिमंडळाला सुचले नाही.

उपद्रवी कुटुंबांना वेगळे काढण्याचा मार्ग आपल्याच विचारांच्या लोकांनी एकदा चोखाळून पाहिला आहे, हे फारसे सांगितले जात नाही. ॲमस्टरडॅम नगरपालिकेत समाजवाद्यांचा मोठा वाटा होता आणि तिने कामगारांसाठी बांधलेल्या वसाहती आजही वाखाणल्या जातात. त्याच नगरपालिकेने १९२० च्या दशकात आस्टरडॉर्प नावाची एक वसाहत उभारली. 'चांगल्या घरास लायक नसलेली' म्हणून ठरविलेली कुटुंबे तेथे ठेवायची, देखरेखीखाली त्यांना सुधारायचे आणि मग नेहमीच्या वसाहतीत पाठवायचे, अशी कल्पना होती. वसाहतीभोवती भिंत आणि आत जायला दार. हेतू सुधारणेचा होता, यात मला शंका नाही. पण त्या पत्त्यावरचा माणूस म्हटला की शहर नाक मुरडू लागले. सुधारणेची शाळा हाच डाग बनला. दुसऱ्या महायुद्धापर्यंत तो प्रयोग संपला.

ब्रिटनमध्ये मजूर पक्षाच्या सरकारने १९९८ साली दुसरी वाट धरली. समाजविघातक वर्तनाबद्दल दिवाणी आदेश काढायचा, आणि तो मोडला की फौजदारी शिक्षा. नगरपालिकेच्या घरांतील भाडेकरूंच्या तक्रारी खऱ्या होत्या आणि त्या ऐकल्या गेल्या, एवढे श्रेय त्या सरकारला दिले पाहिजे. परंतु आदेश पोरासोरांवर निघाले, सर्रास मोडले गेले, आणि २०१४ च्या कायद्याने ती पद्धत बदलावी लागली. याच सुमारास स्कॉटलंडमधील डंडी शहरात एक लहान प्रयोग चालू होता. १९९६ पासून तेथे घरातून काढले जाण्याच्या बेतात असलेल्या कुटुंबांबरोबर कार्यकर्ते दररोज काम करीत. व्यसन, कर्ज, मुलांची शाळा, घरातील मारहाण, सगळे एका ठिकाणी हाताळले जाई. ग्लासगो विद्यापीठाने त्याची पाहणी केली तेव्हा बहुतेक कुटुंबांत सुधारणा आढळली. कुटुंब घराबाहेर काढणे, मुले संस्थेत ठेवणे, पुन्हा नवे घर शोधणे यांचा खर्च धरला, तर हा मार्ग महागही ठरत नव्हता.

मात्र तेथील घर नगरपालिकेचे आणि राहणारा तिचा भाडेकरू, तर आपला घरकुलधारक मालक आहे. काढून घेण्याची भाषा आपल्याकडे मुळातच उसनी आहे. सहकारी गृहनिर्माण संस्थेत सभासदाला काढता येते, पण १९६० च्या सहकार कायद्यानेही त्यासाठी खास सभेत हजर असलेल्या सभासदांचे तीन-चतुर्थांश मत, त्या सभासदाला बाजू मांडण्याची संधी आणि निबंधकांची मंजुरी अशा अटी घातल्या. दादर-पुण्याच्या सदनिकाधारकाला एवढे संरक्षण, आणि राळेगावच्या मजुराला ग्रामसभेतला हात वर केलेला ठराव?

'पूर्वीच्या चाळींत शेजारधर्म होता' असे कोणी म्हटले की मी थोडा अस्वस्थ होतो. मुंबईच्या बीडीडी चाळी १९२० च्या दशकात उभ्या राहिल्या. एकेक खोली १६० चौरस फुटांची, संडास सामाईक. त्या चाळींनी कामगार चळवळ पोसली, गणेशोत्सव आणि भीमजयंती पोसली. पण १९७४ च्या जानेवारीत वरळीच्या त्याच चाळींत दलितांवर हल्ले झाले आणि दंगल पेटली. जवळ राहिल्याने बंधुभाव आपोआप उगवत नाही. तो बांधावा लागतो. मुंबईच्या रेल्वेमार्गांलगतचे झोपडीवासी दुसरीकडे हलविले जाणार होते तेव्हा त्यांच्या संघटनेने स्पार्क आणि महिला मिलन यांच्या साहाय्याने ही बांधणी स्थलांतरापूर्वीच केली. ओळखीच्या कुटुंबांचे सहकारी गट झाले, बचत झाली, आणि शेजारी शेजाऱ्यांसह हलले. ज्या वसाहतींत सोडत काढून अनोळखी कुटुंबे एकाच मजल्यावर आणून टाकली, तेथे जिन्यातला दिवा कोणी लावायचा यावरून सुरुवात होते. घरकुलांच्या ओळी आखतानाही लाभार्थ्यांना एकमेकांविषयी कोणी विचारीत नाही. यादीतला अनुक्रमांक हाच शेजार ठरवितो.

मग आज, वस्ती वसून गेल्यावर, करायचे काय? माझे म्हणणे असे की माणूस आणि कुटुंब यांची फारकत केली पाहिजे. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्याच्या १९ व्या कलमाने दंडाधिकाऱ्याला असा अधिकार दिला आहे की मारहाण करणाऱ्या पुरुषालाच त्याने घराबाहेर जाण्याचा आदेश द्यावा. बाई आणि मुले घरात राहतील. वस्तीत दहशत घालणारा माणूस घरात गाय नसतो. बायकोची तक्रार नोंदविली गेली आणि वस्तीतील दहा बाया साक्षीला उभ्या राहिल्या, तर घर वाचते आणि उपद्रव जातो. हे कलम आपल्या किती कार्यकर्त्यांना ठाऊक आहे?

दारूविक्रीचे तसेच. राळेगाव तालुक्यातील काही गावे अनुसूचित क्षेत्रात मोडतात. १९९६ च्या पेसा कायद्याने अशा क्षेत्रात मादक पदार्थांवर बंदी वा नियंत्रण घालण्याचा अधिकार ग्रामसभेसाठी मान्य केला, आणि महाराष्ट्राने २०१४ साली त्याचे नियम केले. परवानाधारक दुकानाविरुद्ध महिलांच्या मतदानाची तरतूद राज्यात आधीपासून आहे. या अधिकारांचे टोक साखळीच्या वरच्या दुव्यांकडे वळविले पाहिजे. गाडीचा क्रमांक लिहून घ्यावा आणि पोलीस ठाण्यात लेखी द्यावा, पोच घ्यावी. नुसता घरातला विक्रेता पकडला, तर आठवड्याभरात शेजारच्या ओळीत दुसरा बसतो.

तडीपारीची मागणीही अधूनमधून होते. पोलीस कायद्याने दोन वर्षांपर्यंत माणूस हद्दपार करता येतो. त्यातून वस्तीला श्वास घ्यायला अवधी मिळतो, हे मी नाकारीत नाही. पण राळेगावची ब्याद नदी ओलांडून हिंगणघाटच्या गरीब वस्तीत नेऊन टाकणे, हा उपद्रवाचा हिशेब एका खातेवहीतून दुसऱ्या खातेवहीत लिहिणे झाले.

तंटामुक्त गाव मोहीम १५ ऑगस्ट २००७ रोजी सुरू झाली तेव्हा माझ्या मनात आशा होती. भांडण गावातच, पोलीस-वकिलांच्या खर्चाविना मिटावे ही कल्पना चांगली. परंतु अनेक गावांत समितीवर तेच प्रतिष्ठित बसले ज्यांच्यापुढे बाईने तोंड उघडू नये अशी रीत आहे, आणि पुरस्काराच्या ओढीने तंटे मिटविण्यापेक्षा मिटल्याचे कागद अधिक झाले. शिवाय ती मोहीम गावांसाठी. खुद्द राळेगावचा कारभार आता नगरपंचायतीकडे आहे. तरीही तो सांगाडा टाकून देऊ नये. वस्तीपुरती समिती, तिच्यात निम्म्याहून अधिक त्याच वस्तीतील स्त्रिया, आणि बेड्यावरचा, पोडावरचा एक तरी प्रतिनिधी, एवढा बदल केला तरी तिचे रूप पालटेल.

पण समितीवरच सारे टाकणे अन्यायाचे आहे. दिवसभर निंदण करून आलेल्या बाईने रात्री गुंडाशी फुकट भांडावे ही अपेक्षा शहाणी नाही. व्हिएन्ना नगरपालिकेच्या ताब्यात सुमारे २ लाख २० हजार घरे आहेत. तिने २०१० पासून शेजाऱ्यांची भांडणे ऐकणारी पगारी पथके नेमली. आपण आपल्या ऐपतीचा हिशेब करू. शंभर घरकुलांवर केंद्राने ठरविलेले अनुदान १ कोटी २० लाख रुपये होते. त्याचा दीड टक्का म्हणजे १ लाख ८० हजार. एवढ्या रकमेत एका स्थानिक कार्यकर्तीला महिना १५ हजार रुपयांवर वर्षभर नेमता येते. तिने नालीची तक्रार पंचायतीत न्यावी, मारहाणीची तक्रार संरक्षण अधिकाऱ्याकडे न्यावी, व्यसनी माणसाला उपचारासाठी यवतमाळला पोचवावे, शाळा सोडलेल्या पोराच्या मागे लागावे. घर बांधून झाल्यावर छायाचित्र काढून फाइल बंद करणारे शासन हा दीड टक्का आपणहून देणार नाही. तो मागावा लागेल.

ठराव आणायचाच असेल तर कार्यकर्त्यांनी येत्या ग्रामसभेत असा आणावा: ओळीतील प्रत्येक घराच्या नमुना आठवर पत्नीचे नाव चढले आहे की नाही याची तपासणी व्हावी, नाली आणि दिवे एका महिन्यात व्हावेत, दारूचा पुरवठा करणाऱ्याविरुद्ध गावाने लेखी तक्रार द्यावी, आणि वस्तीसाठी पगारी कार्यकर्ती नेमावी. सह्या गोळा करताना प्रथम त्या दारूविक्याच्याच घरी जावे, आणि तो नसेल अशी वेळ पाहून त्याच्या बायकोपुढे कागद ठेवावा.